जुन्या गावातलं दार

नमस्कार, श्रोतेहो.

आज 30 सप्टेंबर. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेवर, तेरणेच्या अंगानं जी गावं आहेत, तिथं ही तारीख उच्चारली की पुढं काही सांगावं लागत नाही. किल्लारी, सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी, तळणी, मंगरूळ. आमच्याकडं काळ मोजायची रीतच ती होऊन बसली आहे. लग्न भूकंपाच्या आधीचं की नंतरचं? ही विहीर भूकंपाआधीची. तो पोरगा भूकंपानंतर दोन वर्षांनी झाला. इसवी सन कुणी विचारत नाही.

1993 साल होतं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती बोळवून माणसं रात्री उशिरा घरी आली, हातपाय धुतले आणि आडवी झाली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमिनीच्या पोटातून आवाज आला. पंचांगाच्या हिशोबानं पितृपंधरवडा दाराशी आला होता, एका दिवसावर. पुढं आई कितीदा म्हणायची, पितरं जेवायला येणार होती, ती आमच्यातलीच माणसं घेऊन गेली.

सरकारी दप्तरात 7,928 माणसं गेल्याची नोंद आहे. 52 गावं पार झोपली, ती नव्या जागी वसवावी लागली. हे आकडे दर वर्षी सांगितले जातात आणि सांगायलाच हवेत. पण 7,928 हा आकडा डोळ्यांपुढं उभा राहत नाही. मला दिसतो तो एकच, माझा धाकटा भाऊ. चार वर्षांचा.

त्या रात्री तो अण्णांच्या खांद्यावर बसून विसर्जनाला गेला होता. परत आला तेव्हा पार रंगून गेलेला. केसांत गुलाल, कानामागं गुलाल, आणि मुठीत प्रसादाचे चुरमुरे. आई म्हणाली, चल, डोकं धुऊन घे. आजी म्हणाली, असू दे गं, झोपलंय लेकरू, सकाळी धुऊ. आजीनं त्याला आत आपल्याजवळ घेतलं. चुलतीही आतच होती. मी आणि आई वसरीत झोपलो. वसरीवर पत्रा होता, आत माळवद होतं. एवढाच फरक. अण्णा आणि चुलते अजून पारावर बोलत बसले होते, म्हणून ते राहिले.

दुपारी त्याला काढलं तेव्हा अंगभर पांढरी माती होती. आईनं पदरानं डोकं पुसलं, तर माती निघाली आणि खालचा गुलाल तसाच होता. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

माळवद म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. दोन-अडीच हात जाडीच्या दगडाच्या भिंती, चिखलात रचलेल्या. त्यावर लाकडी तुळया, फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. ऊन लागत नाही, थंडी लागत नाही. मिरगाच्या आधी घरोघरी माळवदावर नवी माती पडायची, पावसात घर गळू नये म्हणून. दर साली एक थर. अण्णा टोपल्या भरून द्यायचे, चुलते वर ओतायचे, आम्ही पोरं ती पायांनी तुडवायचो. आजोबांच्या, पणजोबांच्या काळापासूनची माती त्या छपरावर साठली होती. अण्णा शेवटपर्यंत म्हणत राहिले, ती माती मीच वर चढवली. त्या पट्ट्यातल्या कितीतरी बापांनी हे वाक्य मनात धरून आयुष्य काढलं.

अण्णांना तेव्हा सांगता आलं नाही, ते आज रेडिओवरून सांगते. कारण असे अण्णा अजूनही कुणाच्या तरी ओसरीवर बसले असतील आणि हे ऐकत असतील. बाबांनो, तुम्ही घर गळू नये म्हणून माती टाकली. लेकरं कोरड्यात निजावीत म्हणून टाकली. जमीन हलणार हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी, 1992 च्या ऑक्टोबरात हादरे बसले, तेव्हा आपण सगळे काही दिवस अंगणात झोपलोच होतो. पुढं हादरे थांबले आणि माणसं घरात गेली. आपल्याच घरात गेली. यात कुणाचा गुन्हा नाही.

त्यानंतरचे दिवस मी सगळे सांगणार नाही. पाऊस लागला होता. सरण पुरेना. शेवटी पडलेल्या घरांच्या तुळयाच चितेला लावल्या. एका सरणावर कितीजण होते ते कुणी मोजलं नाही. कुणाची राख कुठली, हे कळलं नाही. दहावं नाही, तेरावं नाही, पाणी द्यायला कुणाच्या घरी माणूसच उरला नाही. एरवी आपल्याकडं गेलेल्या माणसाला निरोप द्यायचे किती टप्पे असतात. आमच्याकडं एका आठवड्यात सगळं उरकलं गेलं. म्हणूनच माझ्या पिढीतल्या पुष्कळांना आपलं माणूस गेलं असं अजूनही वाटत नाही, मागं राहिलं असं वाटतं. जुन्या गावात.

पुढच्या साली पंधरवडा आला तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. आईनं स्टोव्हवर सगळा स्वयंपाक केला. कढी, वडे, तांदळाची खीर, गवारीची भाजी, भोपळ्याची भाजी. पान वाढून शेडपुढं ठेवलं आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. सगळं माळरान. एक झाड नाही, कावळा येणार कुठून? बारा वाजले, एक वाजला, खिरीवर साय धरली. अण्णा म्हणाले, गायीला घाल. आई काही बोलली नाही. तिनं ताट उचललं, वर फडकं टाकलं आणि चालू लागली. जुनं गाव तिथून दोन-अडीच किलोमीटर. मी मागोमाग.

ढिगाऱ्यांवर तोवर गवत आलं होतं. आडाजवळचा लिंब मात्र उभा होता आणि त्यावर कावळे होते. आमच्या दाराचा उंबरा दगडी होता, तो जागेवर होता. आईनं त्यावर पान ठेवलं आणि दहा पावलं मागं सरून उभी राहिली. कावळा लगेच आला. आई तिथंच खाली बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडली. तिला रडताना बघून मला सुटल्यासारखं वाटलं, ते आजही आठवतं.

तेव्हापासून आई दोन दिवस पाळते. सर्वपित्री अमावस्या एक आणि 30 सप्टेंबर दुसरा. काही वर्षी पंधरवडा ही तारीख पोटात घेऊन येतो, काही वर्षी आधीच सरलेला असतो. पंचांग काहीही सांगो, ताट दोनदा जुन्या गावी जातं. पानात एका कोपऱ्याला चिमूटभर चुरमुरे असतात.

आईनं आधी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलेलं होतं. लेकरं गमावलेल्या बायांसाठी ते उलटवून घ्यायची सोय पुढं सरकारनं केली, तेव्हा तिनंही ते उलटवून घेतलं. मला भाऊ झाला. बारशाला सगळी भावकी म्हणाली, तेच नाव ठेवा, तोच परत आलाय. आई म्हणाली, नाही. त्याचं नाव त्याच्यापाशी राहू द्या. याला याचं मिळू दे.

आता थोडं नव्या गावाविषयी. पक्की घरं मिळाली, रुंद रस्ते मिळाले, दवाखाना, शाळा मिळाली, त्यासाठी कितीजण राबले. देशभरातून, बाहेरून माणसं धावून आली. भारतीय जैन संघटनेनं इथली सुमारे 1,200 मुलं पुण्याला शिकायला नेली, ती आज आपापल्या पायांवर उभी आहेत. हे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण घरं वाटली ती जमिनीच्या हिशोबानं. ज्याला शेत नाही किंवा थोडं आहे त्याला 250 चौरस फूट, मधल्याला 450, मोठ्या शेतकऱ्याला 750. एका मापाची घरं एका ओळीत. त्यात गल्ल्या मोडल्या. भिंतीला भिंत लावून तीन पिढ्या राहिलेली घरं गावाच्या दोन टोकांना गेली. गेलेल्या माणसाची आठवण शेजारणीशी बोलताना निघत असते. शेजारीणच हलली की ती आठवणही घरातल्या घरात कोंडून राहते. मला वाटतं, आमचं दुसरं नुकसान हे होतं आणि त्याची नोंद कुठल्या दप्तरात नाही.

मी शाळेत शिकवते. गेल्या साली सातवीच्या मुलांना घेऊन एक काम काढलं. चित्रकलेचे चार मोठे कागद जोडले आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मारुतीच्या देवळात बसवलं. म्हटलं, आम्हाला जुनं गाव काढून द्या. वेस कुठं होती, चावडी कुठं, आड कुठं आणि दारं कुणाकुणाची.

वाटलं होतं, माणसं गप्प होतील. भांडायला लागली. आडापासून तिसरं दार कुणाचं? एकजण म्हणे पाटलाच्या भावकीचं. दुसरे उसळले. तिसरं नव्हे, चौथं. तिसऱ्यात गिरणीवाला मामा. मग मामा निघाला. पिठानं भुवया कायम पांढऱ्या. उधारी वहीत लिहायचा नाही, गिरणीच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारायचा आणि दिवाळीला अर्ध्या रेघा आपणच पुसून टाकायचा. एक आजी म्हणाल्या, माझ्या चार रेघा होत्या रे त्या भिंतीवर, फेडायच्या राहिल्या. ज्यांनी भूकंप बघितलाच नाही अशी ती तेरा वर्षांची पोरं कागदावर ओणवी होऊन गिरणी काढत होती. एकानं भिंतीवर चार काळ्या रेघाही ओढल्या.

वेशीकडच्या एका दाराशी मात्र सगळे थांबले. त्या घरातलं कुणीच उरलेलं नाही. नावं एकेक करून आठवली. म्हातारा, म्हातारी, दोघं लेक, सुना, नातवंडं. मग कुणीतरी म्हणालं, लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ आठ-दहा दिवसांचं. मुलगा की मुलगी, त्यावर एकमत होईना. नाव तर नव्हतंच, बारसं व्हायचं होतं. सगळ्यांची नावं लिहून झाली, त्या लेकराचं काय लिहायचं, मुलांना कळेना. शेवटी एका मुलीनं त्या घरात पाळणा काढला.

श्रोतेहो, मी आज इथं कुणाचंच नाव घेतलेलं नाही. ती नावं तुमची आहेत, तुमच्या घरी, तुमच्या तोंडून निघावीत. घरात कुणी सत्तरीचं, ऐंशीचं असेल तर आज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसा. भूकंपात काय झालं ते विचारू नका, ते त्यांनी हजारदा सांगितलंय. आपलं दार कुठं होतं ते विचारा. शेजारी कोण होतं, पहाटे आधी कुणाच्या चुलीचा धूर निघायचा, कुणाचा आवाज मोठा होता. कागद-पेन्सिल जवळ ठेवा. किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी आज फुलं वाहिली जातील, मानवंदना होईल. जमेल त्यांनी तिथंही जा.

मी इथून निघून थेट गावी जाणार आहे. आईनं खीर करून ठेवली असेल. तिच्यानं आता चालवत नाही, भाऊ मोटारसायकलवरून नेतो आणि ताट मी धरते. जुन्या गावात हल्ली बाभळी माजल्या आहेत, पण उंबरा आहे आणि लिंबही आहे. तो नकाशा मी आईला दाखवला होता. तिनं वेशीकडच्या त्या दारावर बोट ठेवलं, पाळण्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, यंदा दोन पानं घ्यावी लागतील.