ब्रेक दाबला की दिवा विझतो

(दृश्य: संध्याकाळ. इमारतीखाली उभी पांढरी पद्मिनी, मागच्या बाजूने.)

पार्किंग लाइट चालू आहेत. मागचे दोन्ही दिवे लाल. आता ब्रेक दाबते. उजवा दिवा लख्ख पेटला. डावा विझला.

मंद झाला नाही, फडफडला नाही. सरळ विझला. पाय उचलला की पुन्हा लागतो.

ही आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट 1100 म्हणून तयार होणारी आणि 1974 पासून पद्मिनी नावाने ओळखली गेलेली गाडी. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि आजच्या गाड्यांच्या मानाने अगदी मोजकी वायरिंग. संगणक नाही, सेन्सर नाहीत. अशा गाडीतला बिघाड विचार करून शोधता येतो, आणि तो तसाच शोधला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

या दिव्यापायी दोनदा बल्ब बदलला, ब्रेकचा स्विच बदलला. शेवटी एका गॅरेजमध्ये सांगितलं, सगळी वायरिंगच नवी टाका. वडिलांच्या हातची, अजून धडधाकट असलेली वायरिंग उपटायची? जीव झाला नाही. मग काकांना बोलावलं.

काकांची उमेदीची सगळी वर्षं काळ्या-पिवळ्या टॅक्सींखाली वाकून गेली. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. हातांना मात्र अजून सगळं पाठ आहे.

(दृश्य: उघडी डिकी. काकांच्या हातात मल्टीमीटर.)

काकांनी बल्ब काढलाच नाही. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली, लाल टोक डाव्या दिव्याच्या होल्डरच्या पत्र्याला टेकवलं. "दाब ब्रेक."

मीटरवर जवळजवळ बारा व्होल्ट. जिथे शून्य हवं तिथे बारा!

जुन्या गाडीत प्रत्येक दिव्याला करंट आणणारी वायर असते, परतीची वायर बहुतेक ठिकाणी नसते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. त्यालाच अर्थिंग म्हणायचं. आमच्या डाव्या दिव्याची ही वाट तुटली होती.

मग तो एरवी लागायचा कसा? इथेच खरी गंमत आहे. मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात: पार्किंगची 5 वॉटची, ब्रेकची 21 वॉटची. दोघींचं परतीचं टोक एकच. ते पत्र्याला मिळेना, म्हणून पार्किंगचा करंट ब्रेकच्या तारेतून उलटा शिरायचा, ब्रेकच्या वायरने उजव्या दिव्यापर्यंत जायचा आणि तिथल्या पत्र्यातून परत यायचा. एवढ्याशा करंटने 21 वॉटची तार पेटत नाही, त्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही. ब्रेक दाबला की त्याच वायरमध्ये समोरून बारा व्होल्ट येतात. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला आलं की पाटातलं पाणी थांबतं. दिवा विझतो.

बल्ब चांगला होता, स्विच चांगला होता, वायरिंग चांगली होती.

(दृश्य: अगदी जवळून, दिव्यामागचा स्क्रू.)

हा पाहा तो स्क्रू. मागे कधीतरी गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं, तेव्हा दिवा नव्या रंगावरच बसवला गेला. स्क्रूच्या आट्यांवर जेवढी धातूची पकड उरली होती, तेवढ्यावर काही वर्षं चाललं. मग पावसाळ्यांनी तिथे गंज धरला. काका पॉलिश पेपरने तेवढीच जागा घासतात, रुपयाच्या नाण्याएवढी. पांढऱ्या रंगाखालून आधी तांबूस, मग चकचकीत पत्रा दिसायला लागतो. स्क्रू आवळतात आणि वरून बोटभर व्हॅसलीन, ओल शिरू नये म्हणून.

पुन्हा मीटर. ब्रेक दाबलेला. 0.1 व्होल्ट.

मी आत सीटवर. आरशात मागच्या भिंतीवर लाल उजेड पडलेला दिसतो, या वेळी दोन्ही बाजूंना सारखा. मागून काकांचा आवाज येतो, "लागला! पाय काढू नकोस, इंडिकेटर पण बघून घेऊ."