दुपारी ओढा मोठा होतो

सकाळचे साडेपाच. गाव झोपलंय अजून. हा बघा ओढा, जेमतेम घोट्याएवढं पाणी, तळाचे गोटे मोजून घ्या इतकं स्वच्छ. मधला तो चपटा दगड दिसतोय ना, पांढरी रेघ असलेला? तो लक्षात ठेवा. त्याच्यावर एक पाय टाकून आत्ता पलीकडे आलो, बूटसुद्धा भिजले नाहीत.

खाली सपाटीवर उन्हाळा म्हणजे पंखा, ओढलेले पडदे आणि चिडचिड. तोच उन्हाळा इथे वर स्वेटर घालून येतो. हिशोब तसा सोपाय, साधारण १००० मीटर चढलं की हवा साडेसहा डिग्रीने गार होते, म्हणजे खाली ३८ असेल तर २००० मीटरवरच्या गावात २५च्या आसपास, आणि एवढ्यावरच माणूस इतका खूश होतो की आल्या आल्या बॅग टाकून थेट चढायला निघतो. तेवढं करू नका. २५०० मीटरच्या वर आलात तर पहिला दिवस नुसतं गावात भटका, नाहीतर डोकं धरून बसाल.

आणि गार वाटतंय म्हणून ऊनही मवाळ असेल असं समजू नका, तिथेच सगळे फसतात. दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, वर ताजा बर्फ असला तर तो त्यातला ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनपण लागतं. मी पहिल्या वर्षी नाकपुड्या आतून भाजून घेतल्यात, खोटं नाही सांगत. सनस्क्रीन तिथे कोण लावतं?

आठ वाजले. आत्तापर्यंत पाठीवर वरून खाली येणारा गार वारा होता, तो पडला, दहा-पंधरा मिनिटं पान हललं नाही, आणि आता खालून वर यायला लागलाय. उतारांवर ऊन आलं की त्यांना चिकटलेली हवा तापते आणि चढायला लागते, रोजचंच आहे. पॅराग्लायडिंगवाले याचीच वाट बघत बसलेले असतात. सायकलवाले मात्र कधीच वर पोचलेत, आणि कातळावर चढणारे सावलीतली बाजू पकडून आहेत, कारण तापलेल्या दगडाला घामेजलेली बोटं धरवत नाहीत.

पण हीच चढणारी हवा वर जाऊन गार होते आणि तिचा ढग होतो. अकरा वाजता शिखरावर कापसाचा एक बोळा होता, फोटोला मस्त. बारा वाजता तो रुंद नाही, उंच झाला. ढग उंच व्हायला लागला की आपण खाली यायचं, मग शिखर दीडशे मीटरवर का असेना. आम्ही फिरलो. ग्रुपमधल्या एकाचं तोंड एवढंसं झालं, इतकं चढून टोक नाही म्हणजे काय वगैरे. मीपण काही बोललो नाही, मलाही जायचंच होतं ना.

धार सोडून झाडीत शिरतोय तोवर वीज चमकली. एक, दोन, तीन... बाराला आवाज आला. तीन सेकंदांना एक किलोमीटर, म्हणजे चार किलोमीटर. ज्याचं तोंड एवढंसं झालं होतं तो आता सगळ्यात पुढे होता. एकट्या उंच झाडाखाली थांबायचं नाही, घोळका करायचा नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत वर तोंड करायचं नाही. गारा पडल्या वाटाण्याएवढ्या, पाऊण तासात सगळं मोकळं, पुन्हा ऊन, ओल्या मातीचा आणि झाडांच्या चिकाचा वास. उन्हाळ्यातला हा वास मला शिखरापेक्षा जास्त आवडतो, हे मी ग्रुपमध्ये सांगत नाही.

आता पाच वाजलेत, आणि हा बघा तोच ओढा.

तो चपटा दगड शोधा. नाही ना दिसत? पाणी गुडघ्याच्या वर, राखाडी, गढूळ, आणि कान देऊन ऐकलंत तर तळाशी दगडावर दगड आपटल्याचा घुमणारा आवाज येतो. पावसाचं पाणी आहेच यात, पण पाऊस नसता तरी हेच झालं असतं. दुपारच्या उन्हात वरचा बर्फ वितळतो, ते पाणी इथवर यायला काही तास लागतात, म्हणून ओढा पहाटे सगळ्यात बारीक आणि संध्याकाळकडे सगळ्यात जाड. दोन वर्षांपूर्वी मी याच जागी उतरलो होतो, सकाळी गेलो तसंच जाऊ म्हणून. तीन पावलं गेलो असेन. चौथ्याला पाय जमिनीवरून सुटला, एक काठी गेली, कसाबसा मागे आलो आणि त्याच काठावर बसून थरथरत राहिलो, थंडीने म्हणा हवं तर.

आज खालच्या पुलावरून जातोय, चार किलोमीटर जास्तीचे. पाय बोलतायत. पुलावर थांबून सगळ्यांनी बाटल्या रिकाम्या केल्या, कोणीतरी बूट काढले, आणि वारा पुन्हा पडलाय, म्हणजे थोड्या वेळात वरून खाली यायला लागेल.