ताण, दाब आणि सोलेनॉइड वाल्व्ह
(वरूड तालुक्यातल्या एका गावात संत्रा बागायतदारांसमोर केलेलं बोलणं)

मंडळी, डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण दिला, झाड मलूल पडलं, की आंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याचा, भरवसा येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. तीन वर्षांपूर्वी माझ्या बगिच्यातल्या एका तुकड्याचा ताण मोडला. शेजारच्या तुकड्यात मृगाची, म्हणजे पावसाळी बहाराची फळं होती, त्यांना टाकीतून पाणी चालू होतं. ताणाच्या तुकड्याचा सोलेनॉइड वाल्व्ह, म्हणजे विजेवर उघडमीट होणारा वाल्व्ह, कंट्रोलरवर बंद दिसत होता आणि लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, मात्र रात्रभर पाझरत होत्या. सकाळी झाडाखालची माती मुठीत दाबली, तर लाडू वळला. फार जिवाला लागलं.

वाल्व्ह चांगला होता. मी पाइपाची साइज बघून तो घेतला, दाब बघितलाच नाही.

हा बघा, खोलून आणलाय. वर कॉइल, खाली रबरी पडदा, मध्ये बारीक छिद्र. कॉइल फक्त छिद्रावरची दांडी उचलते. पडद्यावरचं पाणी निघून जातं आणि लाइनचा दाब पडदा वर ढकलतो. बंद होताना पाणी पुन्हा पडद्यावर भरतं आणि त्याला खाली दाबतं. स्प्रिंग नुसती मदतीला. म्हणजे उघडणं-मिटणं दोन्ही पाण्याच्याच जोरावर. या पायलट वाल्व्हला साधारण 0.3 ते 0.5 बार दाब लागतो. 10 मीटर उंचीचं पाणी जवळपास 1 बार देतं, आणि माझ्या टाकीचा काठ होता 3 मीटरवर! काठोकाठ भरली तरी 0.3 बार.

मोटारीच्या लाइनवर हाच वाल्व्ह उत्तम, छोट्या कॉइलमुळे वीजही कमी खातो. टाकीच्या दोन इंची लाइनला मी आता मोटरवाला बॉल वाल्व्ह लावलाय. सावकाश फिरतो, पण दाब नसला तरी मिटतो. डायरेक्ट अ‍ॅक्टिंग सोलेनॉइडही शून्य दाबावर चालतो, कारण तिथे कॉइल स्वतःच तोंड उघडते. मात्र तोंड मोठं तर कॉइल मोठी, म्हणून तो खताच्या बारीक नळीला घ्यावा. त्या नळीतून अ‍ॅसिड सोडत असाल तर पितळी बॉडी नको, प्लॅस्टिकची बघा.

आपल्याकडे वीज कधी जाईल नेम नाही. नॉर्मली क्लोज वाल्व्ह वीज गेली की मिटतो, बागेला तोच हवा. बॅटरीवरचा लॅचिंग वाल्व्ह वेगळा. त्याला एक झटका मिळाला की तो आहे तसा राहतो. उघडा असताना बॅटरी संपली, तर उघडाच! ताणाआधी बॅटरी तपासाच.

आणि फिल्टरशिवाय काही बसवू नका. बोअरच्या रेतीचा एक कण त्या छिद्रात अडकला, तरी पडदा नीट बसत नाही.

बसवल्यावर वाल्व्ह बंद करा. लाइनमधलं पाणी निथळू द्या. मग सगळ्यात खोलगट जागेच्या ड्रिपरखाली कोरडी वाटी ठेवा. दुसरा तुकडा रात्रभर चालू राहू द्या. सकाळी वाटी कोरडीच असली पाहिजे.