खालची बाजू

(नाशिक परिसरातल्या निसर्गफेरीला पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की पांडवलेणी, चामरलेणी, रामशेज, गंगापूर धरणाचा काठ, सगळीकडून एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. उभ्याउभ्या, वरून खाली घेतलेले. अळंबीची टोपी, फुलाचा चेहरा, पंख पसरलेलं फुलपाखरू. खाली प्रश्न असतो, ‘हे काय आहे?’ फोटो सुंदर असतो, पण बऱ्याचदा त्यावरून खात्रीनं काहीच सांगता येत नाही, कारण नाव ठरवणारी खूण खालच्या बाजूला राहिलेली असते. म्हणून आज मुख्यतः खालच्या बाजूबद्दलच बोलणार आहे.

अळंबीपासून सुरुवात करू, कारण तिथे चुकीची किंमत सगळ्यात मोठी. आपल्याकडे ‘वारुळावरची अळंबी खायची, बाकी कुत्र्याच्या छत्र्या’ असं म्हणतात. या म्हणण्याला आधार आहे. वाळवी चावून बारीक केलेल्या पालापाचोळ्यावर घरट्यात बुरशी वाढवते. पावसाळ्यात त्याच बुरशीच्या छत्र्या जमिनीवर येतात. त्यांचा देठ मुळासारखा निमुळता होत खाली थेट वाळवीच्या घरट्यापर्यंत जातो. टोपीच्या मधोमध बहुधा टोकदार उंचवटा असतो. माती फोडून वर यायला तो कामी येतो. पण वारुळावर दुसऱ्याही बुरशा उगवतात, आणि वाळवीचं प्रत्येक घरटं जमिनीच्या वर दिसतंच असं नाही. त्यामुळे नुसत्या जागेवरून ओळख पक्की होत नाही.

देठ उपटला की तो मधेच तुटतो आणि नेमकी खूण मातीत राहते. खुरप्यानं बाजूची माती चार-पाच बोटं खोल सैल करा आणि अळंबी बुडासकट उचला. आता बूड पाहा. मूळ खाली गेलंय, की बुडाशी फुटलेल्या अंड्याच्या कवचासारखी पिशवी आहे? पिशवी, देठावर कडं आणि पांढरे बीजाणू (बुरशीचे बियांसारखे अतिसूक्ष्म कण) या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर ती अमानिटा गटातली असण्याची शक्यता मोठी, आणि सगळ्यात जास्त बळी घेणाऱ्या अळंब्या याच गटात आहेत. नुसती पिशवी पुरेशी नाही. भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या अळंबीलाही पिशवी असते, पण तिचे बीजाणू गुलाबीसर असतात.

बीजाणूंचा रंग डोळ्यांनी दिसत नाही, त्याचा ठसा घ्यावा लागतो. पूर्ण उघडलेली, पण न सुकलेली टोपी घ्या. देठ टोपीलगत कापा. टोपी कल्ल्यांची बाजू खाली करून ठेवा. कल्ले म्हणजे छत्रीखालच्या त्या पातळ उभ्या पट्ट्या. ठेवायला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा सगळ्यात चांगला. पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसतच नाही, आणि ‘काही पडलं नाही’ असं वाटून लोक तो फेकून देतात. प्लॅस्टिक आधी काळ्या आणि मग पांढऱ्या कागदावर धरलं की रंग कळतो. टोपीवर पाण्याचा एक थेंब टाका, वरून पेला पालथा घाला आणि पंख्यापासून लांब रात्रभर ठेवा. सहा ते बारा तासांत ठसा उमटतो. बंद कळी बीजाणू सोडत नाही. पावसात भिजून लिबलिबीत झालेली टोपी ठशाऐवजी डाग देते.

हा ठसा किती कामाचा आहे ते एका उदाहरणातून पाहा. सोसायटीच्या हिरवळीवर, मैदानात, पावसाळ्यात ताटलीएवढी पांढरी छत्री येते. टोपीवर तपकिरी खवले, देठावर वर-खाली सरकणारं कडं. कोवळेपणी तिचे कल्ले पांढरेशुभ्र असतात, त्यामुळे ती अगदी खाण्याजोगी वाटते. ठसा घेतला की तो हिरवट येतो. ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. बाजारातल्या बटन मशरूमच्या जातभाईंचा ठसा चॉकलेटी असतो.

एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. या खुणा ओळखीसाठी आहेत, भाजीसाठी नाहीत. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण रंग बदलतो का, किड्यांनी खाल्लेली आहे का, या कसोट्यांनी विष कळत नाही. अमानिटातलं विष शिजवूनही जात नाही आणि सुकवूनही. त्रास सुरू व्हायला सहा ते चोवीस तास लागतात. मग मधे एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्याच वेळात यकृत निकामी होत असतं. कुणी काही खाल्लं असेल तर त्रास होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठा आणि उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती काही तासांत सडते.

आता फुलपाखरं. सप्टेंबर-ऑक्टोबरात माळावर नारिंगी, काळ्या-पांढऱ्या टोकांचं जे फुलपाखरू रेंगाळत उडतं तो बिबळ्या कडवा. त्याची अळी रुईवर वाढते, रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याला टाळतात. छोट्या चांदव्याची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते. तिच्यात विष नाही, सोंगावर तिचं भागतं. दोघांना वेगळं करायचं तर मागचा पंख पाहा. कडव्याच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात तीन-चार काळे ठिपके असतात. चांदव्याच्या मादीला एकच, पंखाच्या पुढच्या कडेजवळ. शंका राहिली तर जवळपासची झाडं पाहा. मादी अंडी घालायला रुईभोवती घुटमळतेय की जमिनीलगतच्या घोळीभोवती? घोळ हे चांदव्याच्या अळीचं खाद्य. झाड ओळखता आलं की कीटक अर्धा ओळखलेला असतो.

मधमाशी आणि मधमाशीसारखी दिसणारी फुलमाशी यांचा घोळ चटकन सुटतो: माशीला पंखांची एकच जोडी आणि मिशा अगदी आखूड, मधमाशीला दोन जोड्या आणि कोपरात वाकलेल्या लांब मिशा. सकाळी नऊच्या आत गेलात तर थंडीनं आखडलेले कीटक जवळून पाहू देतात. दगडाखालचं पाहायचं असेल तर आपल्यापासून लांबची कड आधी उचला, म्हणजे दगड आपल्यासाठी ढालीसारखा राहतो. खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. आणि पाहून झालं की दगड होता तसाच ठेवा. ते कुणाचं तरी छप्पर असतं.

झाडांमध्ये पहिली चूक होते ती पान आणि पर्णिका यांत. कडुनिंबाची एक ‘पाती’ म्हणजे पान नव्हे, ती पर्णिका, म्हणजे पानाचा एक तुकडा. पान कुठे सुरू होतं हे बगलेतल्या (फांदी आणि देठ यांच्या बेचक्यातल्या) कळीवरून ठरतं: कळी पानाच्या देठाच्या बगलेत असते, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसते. हे एकदा पाहिलं की कडुनिंब आणि बकाण निंब यांची गल्लत होत नाही. कडुनिंबाच्या मधल्या दांड्यावर थेट पर्णिका असतात. बकाणात त्या दांड्याला उपदांडे फुटतात आणि पर्णिका त्यांच्यावर येतात.

टाकळा आणि कासविंदा हा पावसाळी भाजीतला तसाच, पण जोखमीचा गोंधळ. टाकळ्याला पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या, टोकं गोलसर, आणि खालच्या जोडीच्या मधोमध दांड्यावर छोटी काडीसारखी ग्रंथी. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोकं अणकुचीदार, ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, आणि चुरगळल्यावर उग्र वास. कासविंद्याच्या कच्च्या शेंगा खाऊन लहान मुलं दगावलेली आहेत, म्हणून हा फरक पोरांना आवर्जून दाखवा.

ही ग्रंथी पाहायला दहापट भिंग लागतं. बहुतेक जण ते वस्तूजवळ धरून लांबून पाहतात आणि ‘काही दिसत नाही’ म्हणतात. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि पान भिंगाकडे आणा. साधारण अडीच सेंटिमीटरवर सगळं स्वच्छ दिसतं. मापासाठी फोटोत नाणं ठेवू नका. एक रुपयाची नाणी वेगवेगळ्या आकारांत निघालेली आहेत. सहा इंची पट्टी ठेवा. प्रत्येक नमुन्याचे निदान चार फोटो हवेत: पूर्ण रूप, खालची बाजू, बूड किंवा बगल, आणि आजूबाजूची जागा. चौथा फोटोच लोक विसरतात, आणि अळंबी लाकडावर होती, शेणावर होती की मातीत, हे नंतर कुणालाच आठवत नाही.

नाव जिथपर्यंत पुराव्यानं जातं तिथेच थांबवा. ‘अमानिटा, जात ठरली नाही’ ही पूर्ण आणि उपयोगी नोंद आहे. मोबाइल ॲप सुचवतं ते नाव म्हणजे दिसण्यातला सारखेपणा. ठसा आणि वास त्याला कळत नाही.

शेवटी अंजनेरी डोंगराबद्दल. तिथल्या कातळावर ऑगस्टच्या सुमारास कंदीलपुष्पाच्या कुळातली सेरोपेजिया अंजनेरिका फुलते. 2006 साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि जातीला नावच या डोंगराचं मिळालं. तिचा कंद मातीत असतो, आणि जागा कळली तर उकरून नेणारे असतात. म्हणून अशा झाडाचा फोटो काढण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा, नोंदीत ठिकाण ‘अंजनेरी’ एवढंच लिहा, आणि आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकत असाल तर जागा धूसर करण्याचा पर्याय निवडा. चालताना उघड्या कातळावर पाय ठेवा, खळग्यातल्या मातीवर नको. ही झाडं त्याच चार बोटं मातीत असतात, आणि फूल नसताना ती गवतासारखीच दिसतात.