कच्ची वही

(शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. माईक जरा खाली घ्या, माझी उंची तुमच्या मुख्याध्यापकांएवढी नाही. हं, आता बरं.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘प्रकल्पाधारित अध्ययनात वाचन-लेखनाचा समन्वय’. नाव तुमच्या केंद्रप्रमुखांनी ठेवलं. मला विचारलं असतं तर मी दोनच शब्द दिले असते: कच्ची वही. नोकरीभर मी हेच तुणतुणं वाजवलं. निवृत्त झाले तरी सुटलेलं नाही, आणि आज तुम्ही जेवणानंतर आयते सापडला आहात.

प्रकल्प म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या आठ साधनांत त्याची जागा पक्की आहे. सत्र संपत आलं की स्टेशनरीच्या दुकानात त्याचा हंगाम सुरू होतो. घोटीव कागद, स्केचपेनं, कापून चिकटवायचे छापील तक्ते: वाहनांचा तक्ता, संतांचा तक्ता, भाज्यांचा तक्ता. मुलगा कापतो, आई चिकटवते आणि कॉलेजात जाणारी मावशी वळणदार अक्षरात ‘प्रस्तावना’ लिहिते. “बाळा, यात काय लिहिलंय?” असं विचारलं तर उत्तर येतं, “बाई, ते आईला माहीत.” आपल्या राज्यात 2018 साली थर्माकोलवर बंदी आली. त्यानंतरही ‘पर्यावरण वाचवा’ हा प्रकल्प मी थर्माकोलवर चिकटवलेला पाहिलाय. हसू नका. गुण तुम्हीच दिले असतील. मीही दिलेत.

आणि वाचन-लेखनाचा तास वेगळाच. तिथे श्रुतलेखन, अनुलेखन, ‘माझा आवडता ऋतू’वर दहा ओळी. प्रकल्पात कातर चालते, भाषेच्या तासाला पेन्सिल चालते, दोघींची गाठ पडत नाही.

एक गोष्ट सांगते. लांबेल, पण ऐका.

पुरंदर तालुक्यात एका चार शिक्षकी शाळेत मी होते. सहावी-सातवी मिळून एकोणीस मुलं. फेब्रुवारीतच शाळेजवळचा हापसा कोरडा पडला. एका मुलीनं विचारलं, “सगळ्या गावाचं पाणी गेलं की आपलंच?” मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

गावातल्या विहिरी मोजायच्या ठरल्या. सुंभाच्या दोराला दर फुटाला गाठ, दर पाचव्या गाठीला लाल चिंधी, टोकाला दगड. मुलं काठापासून लांब. दोर सोडायचा तो मी किंवा त्या मुलीच्या आजोबांनी, मुलांनी फक्त ओल्या-कोरड्या गाठी मोजायच्या. पहिली विहीर आजोबांचीच. म्हणाले, “मोजता कशाला? आठ परस आहे.” दोर म्हणाला 43 फूट. आता परस म्हणजे किती? मुलं तीन घरी विचारून आली. एकानं सांगितलं, उभ्या माणसाची उंची. दुसऱ्यानं सांगितलं, हात वर केलेल्या माणसाची. तिसरी म्हातारी म्हणाली, “ज्यानं खणली त्याच्या उंचीची!” वर्गात हे भांडण दोन दिवस पुरलं. कुणी 43 ला आठानं भागलं, तर उभा माणूस निघाला. दुसरी म्हणाली, पण तळाचा गाळ कुठे मोजलात? एका वहीत लिहिलेलं मला पाठ आहे: “परस माणसागणिक बदलतो म्हणून आम्ही फूट घेतलं. पण आजोबांना फूट सांगितलं की ते परत परस करून बघतात.” हे वाक्य मी शिकवलेलं नाही. मला शिकवता आलंही नसतं.

मग प्रश्न आला, विहीर कुणाची? मुलांनी घरचे सातबारे आणले. गाव नमुना बारावर जलसिंचनाच्या साधनाचा रकाना असतो, इतर हक्कात कधीकधी सामाईक विहिरीची नोंद सापडते. वाचायला बसलो. एक पोरगं उठून म्हणालं, “बाई, पोटखराबा म्हणजे यांच्या पोटात काय खराब आहे?” वर्ग लोळला. मागच्या बाकावरचा एक जण, जो धड्याच्या तिसऱ्या ओळीला हमखास अडखळायचा, तो म्हणाला, “आमच्या बांधाकडचा खडक आहे ना, जिथं काय पिकत नाही, तो पोटखराबा.” त्यानं घरचा अख्खा उतारा बोट ठेवून वाचला होता, बापाचं नाव कुठं येतं ते शोधत.

आणि मग शाळा तपासायला साहेब आले. नाव सांगणार नाही, माणूस वाईट नव्हता. त्यांनी वह्या चाळल्या. मातीचे डाग, खाडाखोड, बाणांनी जोडलेली वाक्यं, समासात मैत्रिणीचा प्रश्न. म्हणाले, “बाई, फाइल कुठंय?” शेरा पडला: नोंदी अव्यवस्थित, सुवाच्य लिहून घ्याव्यात. मी घाबरले. घेतल्या लिहून. फुलस्केपवर, समास आखून, शीर्षकाला लाल शाई. काय झालं ठाऊक आहे? त्या एकोणीस फायलींत आजोबा नाहीत. गाळ नाही. परसाचं भांडण नाही. एकोणीसच्या एकोणीस जणांनी सुरुवात केलीय, “पाणी हे जीवन आहे.” पुढच्या भेटीत शेरा मिळाला, समाधानकारक. तो समाधानकारक मला अजून टोचतो.

यात नवं काही नाही, बरं का. 1937 साली वर्ध्याला गांधीजींची नयी तालीम मांडली गेली, तिचा समवाय, म्हणजे हातकाम आणि विषयांची सांगड, हाच. टकळीवर सूत कातता कातता गणित, भूगोल, भाषा. त्याआधी 1918 मध्ये अमेरिकेत किलपॅट्रिकनं प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला. पण माझा लाडका फ्रान्समधला खेड्यातला मास्तर, फ्रेने. 1920 च्या दशकात त्यानं वर्गात छोटं छापयंत्र आणलं. मुलं बाहेर फिरून यायची, पाहिलेलं लिहायची, खिळे जुळवून स्वतःच छापायची आणि दूरच्या दुसऱ्या शाळेला पाठवायची. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झालेली, त्यामुळे फार वेळ बोलवत नसे. शिक्षकाला बोलवत नाही, केवढा फायदा मुलांचा! मला तो त्रास नाही, हे तुम्ही बघताच आहात...

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे’. खाली दोन रेघा मारल्यात. बरं, मूळ विषय राहिलाच, तो आता पळत सांगते.

प्रकल्पात वाचन शेवटी ‘माहिती मिळवा’ म्हणून आणू नका. प्रश्न पडला की लगेच आणा, आणि खरा कागद आणा: उतारा, वीजबिल, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, एसटीचं वेळापत्रक. नोंद जागेवरच व्हावी, वर्गात येऊन आठवून नको. मग कच्चा मसुदा दुसऱ्या गटाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. ऐकणाऱ्यांनी चुका काढायच्या नाहीत, फक्त विचारायचं. आमच्या मुलांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला, “विहीर खोल आहे, कठडा बांधावा.” ऐकणारे म्हणाले, कुठली विहीर? किती खोल? तुम्हाला काय त्याचं? तिसऱ्या मसुद्यात आलं: शाळेच्या वाटेला लागून, 38 फूट, रोज सकाळी आम्ही अकरा मुलं तिथून येतो. लिहिण्याला वाचणारा मिळाला की शुद्धलेखनाची चाड आपोआप लागते, ‘ग्रामपंचायत’ शब्द फळ्यावर जाऊन बघून आली पोरं. पोच मिळाली, शिक्क्यासकट. कठड्याचं मला चहाच्या वेळी विचारा.

पहिली-दुसरीला मुलांनी सांगायचं, बाईंनी त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचं आणि तेच सगळ्यांनी वाचायचं. मात्र अक्षरओळख प्रकल्पातून होईल या भ्रमात राहू नका. तिला रोजचा वेगळा सराव लागतोच. यावर माझे काही उत्साही मित्र रागावतात, रागावोत.

गुणांचं म्हणाल तर दहातले सहा कच्च्या वहीला द्या. सजावटीला शून्य. पालक तक्रार करतील, मावशी तर नक्कीच करेल.

त्या वह्यांपैकी चार माझ्याकडे राहिल्यात, त्या इथे टेबलावर ठेवते. चाळा, पण बोटाला थुंकी लावून पानं उलटू नका, पेन्सिल आधीच पुसट झालीय. परसावालं वाक्य निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत आहे, मधल्या पानावर, चिखलाच्या डागाखाली.