रेडिओतले न फिरवायचे चार स्क्रू

मंडळी, बंद पडलेला जुना रेडिओ उघडला की आत सगळ्यात देखण्या दिसतात त्या पत्र्याच्या चिमुकल्या चौकोनी डब्या. प्रत्येकीच्या डोक्यावर रंगीत स्क्रू: लाल, पिवळा, पांढरा, काळा. नवशिक्याचा हात आधी तिथेच जातो आणि दुरुस्त होण्यासारखा सेट तिथेच हातचा जातो. ते स्क्रू नव्हेतच. ते फेराइटचे ठिसूळ गाभे आहेत, लोखंडी स्क्रूड्रायव्हर लावला की तडकतात. लाल ऑसिलेटरचा, म्हणजे सेटच्या आत स्वतःची लहर तयार करणाऱ्या भागाचा; बाकीचे तीन ४५५ किलोहर्ट्झला जुळवलेले. ही जुळणी एका रात्रीत आपोआप बिघडत नाही. दोष बहुतेक वेळा असतो तो जिथे सेल बसतो, जिथे माणसाचा हात लागतो, नाहीतर जिथे काही वाळून गेलेलं असतं.

सेलपासून सुरुवात करू. साधे झिंकचे सेल गळले की पत्तीवर पांढरा-हिरवा थर चढतो. तो आम्लधर्मी असतो, म्हणून खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट जुन्या टूथब्रशने लावायची. गळलेला सेल अल्कलाइन असेल तर उलट, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. मग ओल्या फडक्याने पुसून, स्पिरिट लावून, पूर्ण वाळवून पत्ती बारीक पॉलिश पेपरने घासायची. स्प्रिंगला जोडलेली वायर मात्र हटकून सोलून पाहा. गळतीचं पाणी प्लॅस्टिकच्या आतून चढतं आणि तांबं काळं पडतं. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. लखलखीत तांबं दिसेपर्यंत वायर कापा, नाहीतर वायरच बदला.

आता मोजायचं. नवे सेल घाला, व्हॉल्यूमचं बटण टक करून बंद ठेवा. व्हॉल्यूमच्या मागे स्विचचे दोन सोल्डरचे टाके दिसतात, त्यांवर मल्टिमीटरच्या दोन पिना टेकवा. मीटर डी.सी. करंटवर हवा, आधी १० अँपिअरच्या रेंजवर आणि आकडा लहान दिसला तर २०० मिलिअँपिअरवर. स्विच बंद असल्यामुळे सगळा करंट मीटरमधून जातो, एकही वायर तोडावी लागत नाही. चार सेलच्या साध्या सेटला आवाज कमी असताना साधारण ८ ते २० मिलिअँपिअर लागतात. शून्य आलं तर वाट कुठेतरी तुटली आहे: पत्ती, वायर, बोर्डावरची रेघ. मीटर टेकवलेला असताना सेटमधून थोडा आवाज आला, पण मीटर काढून स्विच चालू केल्यावर सेट गप्प राहिला, तर दोष स्विचचाच. आवाज नाही आणि करंट शंभराच्या वर असेल, तर लगेच सेल काढा. आउटपुटचे ट्रान्झिस्टर किंवा मोठा कपॅसिटर शॉर्ट झालेला असणार.

करंट ठीक आणि सेट मुका असेल, तर पहिला संशय इअरफोनच्या भोकावर. त्यातली पत्ती गंजली की स्पीकर सुटून राहतो. पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. स्पीकर वेगळा तपासायचा असेल, तर एक टाका सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. खर्रकन आवाज आला पाहिजे. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ७ ओहमच्या आसपास दिसतो.

तिथेही दोष नसेल तर सेटचे दोन भाग करू. सेट चालू, व्हॉल्यूम पूर्ण वर, आणि व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून लोखंडाला बोट टेकवा. गुंऽऽ किंवा खर्र असं ऐकू आलं, तर तिथून स्पीकरपर्यंतचा भाग ठणठणीत आहे. दोष पुढच्या, स्टेशन पकडणाऱ्या भागात. ही युक्ती फक्त सेलवर चालणाऱ्या सेटवर करायची. विजेची वायर असलेल्या सेटची पिन आधी भिंतीतून काढा.

पुढच्या भागाची तपासणी दुसऱ्या, चालू रेडिओने होते. दोन्ही सेट शेजारी ठेवा. बिघडलेल्याचा काटा ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे पुणे केंद्राच्या जागेवर ठेवा. चांगला सेट १२४७ च्या आसपास न्या, म्हणजे ४५५ ने वर, कारण ऑसिलेटर स्टेशनपेक्षा तेवढा वर चालतो. आता बिघडलेल्या सेटचा काटा हळू इकडेतिकडे फिरवा. एका जागी चांगल्या सेटमधली खरखर एकदम दबली किंवा शिट्टी घुमली, तर ऑसिलेटर जिवंत आहे. काहीच झालं नाही, तर ऑसिलेटरच्या ट्रान्झिस्टरचे व्होल्टेज बघा. सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या दोन पायांमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट, जुन्या जर्मेनियमच्यात ०.१ ते ०.३. बीसी १४८ हा ट्रान्झिस्टर गेला असेल तर बीसी ५४८ चालतो, पण पायांचा क्रम पाहून.

वाळण्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली, माळ्यावर पडलेल्या सेटचं हेच होतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतला द्रव आटतो. फिल्टरचा मोठा कपॅसिटर आटला की स्पीकर यंत्रमागासारखा खटखटखट करतो. मात्र सेल उतरले तरी हाच आवाज येतो, म्हणून आधी सेल बदलून बघा. स्पीकरकडे जाणारा कपॅसिटर आटला तर आवाज पातळ, चिरका. संशयिताच्या पायांवर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर, प्लसला प्लस, नुसता टेकवून धरा. आवाज भरला तर तोच बदला. ६ व्होल्टच्या सेटला १६ व्होल्टचा चालतो. जुन्या जर्मेनियम सेटमध्ये बऱ्याचदा प्लस अर्थला, म्हणजे बोर्डावरच्या सामाईक वाटेला असतो, तेव्हा जुन्याची बाजू लिहून ठेवल्याशिवाय काढू नका.

सोल्डरला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरे. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं की जुन्या तपकिरी बोर्डावरची तांब्याची रेघ उचलते.

व्हॉल्यूम खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आत सोडून बटण वीसेक वेळा फिरवा. रॉकेल नको. आणि हा फवारा प्लॅस्टिकच्या गँगवर, म्हणजे स्टेशन बदलणाऱ्या डबीवर उडू देऊ नका, आतली पातळ फिल्म खराब होते. डायलची दोरी तुटली असेल तर उरलेली काढण्याआधी तिचा मार्ग कागदावर काढा. आपल्याकडे सुताला तोटा नाही, पण सूत ताणतं आणि काटा घसरतो. डायलची खास दोरीच आणा.

वाजू लागल्यावर पुणे क्षीण लागलं म्हणून पुन्हा त्या रंगीत स्क्रूंकडे जाऊ नका. आधी एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर बंद करा. मग सेट फिरवा. आतली फेराइटची कांडी, म्हणजे सेटचा एरियल, बहुधा सेटच्या लांबीला समांतर असते आणि तिच्या कुशीकडून येणारी लहर तिला जास्त मिळते. पुणे आपल्या सोलापूरच्या पश्चिमेला, जरा वायव्येकडे, म्हणून सेटची लांबी साधारण दक्षिणोत्तर ठेवा.

बंद करताना स्पीकरची वायर झाकणाखाली चिमटत नाही ना, ते पाहा. स्क्रू आधी थोडा उलटा फिरवा. टिक् असा बारीक आवाज आला की तो जुन्या आट्यात बसला. मग आवळा, म्हणजे प्लॅस्टिकची नळी फाटणार नाही.