मडक्यांची स्लॅब

स्लॅबमध्ये मडकी घालतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय. पण हे घर बघा. तमिळनाडूतली, पाँडिचेरीजवळची ऑरोव्हिल वसाहत, लाल माती, २००० साली झालेलं वॉल हाउस, आणि त्याच्या सपाट छतात चक्क कुंभाराने चाकावर घडवलेली मडकी.

कारण साधं आहे. स्लॅबवर वजन आलं की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो, आता ताण घेणं हे काँक्रीटचं कामच नाही, तो सळई घेते, मग खाली एवढं काँक्रीट ओतायचं कशाला? तिथे मडकं उपडं घाला. सिमेंट वाचलं, लोखंड वाचलं, आत हवा अडकली म्हणून उन्हाचा तावही कमी, आणि कुंभाराला ऑर्डर मिळाली ती वेगळीच.

हे घर अनुपमा कुंडू यांनी स्वतःसाठी बांधलं. जन्म पुण्याचा, १९६७ चा, शिक्षण मुंबईत जेजेला, १९८९ ला आर्किटेक्ट झाल्या आणि पुढच्याच वर्षी मुंबई सोडून थेट इकडे. इथलं त्यांचं पहिलं घर म्हणजे सुरूचे वासे, काथ्याची दोरी, वर झावळ्या, बस.

आता या भिंतीजवळ या. वीट बघा, जेमतेम इंचभर जाड, आपल्या साइटवरच्या विटेपुढे बिस्किटच म्हणा ना. तिकडे अचकल म्हणतात, गावातल्या छोट्या भट्टीत भाजलेली, सांधे चुन्याचे. अशा विटेला गवंड्याचा वेळ जास्त जातो, मजुरी जास्त लागते, आणि कॉन्ट्रॅक्टर नाक मुरडतो ते इथेच. कुंडूंचा हिशेब उलटा, की पैसा जाणारच आहे तर तो कारखान्यापेक्षा गावातल्या हाताला जाऊ दे.

आपल्याकडे साइटवर बाई दिसते ती घमेलं डोक्यावर घेऊन, थापी तिच्या हातात क्वचितच. कशाने बांधायचं हे बाईने ठरवणं तर लांबच. आणि ग्रीन बिल्डिंग म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे येतो काचेचा टॉवर, आत दिवसभर एसी, दारात ग्रीन सर्टिफिकेटची प्लॅटिनम पाटी. असो.

२०१२ ला व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या आर्किटेक्चर प्रदर्शनात, हेच वॉल हाउस खऱ्या मापाचं उभं केलं, भारतातून कारागीर गेले आणि परदेशातले आर्किटेक्चरचे विद्यार्थी त्यांच्यासोबत विटा लावत होते. २०२१ ला कुंडूंना रिबा या ब्रिटनमधल्या आर्किटेक्टांच्या संस्थेचा चार्ल्स जेंक्स पुरस्कारही मिळाला.

पण मला सगळ्यात आवडलेलं काम पाँडिचेरीतलं, २००८ चं, बेघर मुलांसाठीची घरं. कच्च्या विटा मातीतच रचून घुमट उभा केला, आत अजून कच्च्या विटा भरल्या आणि पेटवलं, म्हणजे घर हीच भट्टी! तंत्र तिथल्याच रे मीकर या सिरॅमिक कलाकाराचं. काही दिवस जाळ घातला की घर पक्कं, आणि आतल्या भाजलेल्या विटा विकायला किंवा वापरायला मोकळ्या, त्यामुळे जळणाचा खर्च एकट्या घरावर पडत नाही. जळण लागतंच म्हणा, ते नाकारून चालणार नाही.

मुलांच्या या घरांत न्हाणीघराच्या भिंतीत काचेच्या बाटल्या आहेत. आणि ती खिडकी बघितली? बांधताना साचा म्हणून सायकलच्या जुन्या रिमा वापरल्या, काम झाल्यावर त्याच खिडक्यांना लावल्या. आपण त्याला ग्रिल म्हणू, पोरांना ते चाकच दिसत असणार.